केवलमामा गाडी मागून पाहतात

केवलराम काशीवार यांना नावानं हाक मारणारी माणसं आता चार-दोनच उरली असतील. बाकी सगळ्यांचे ते मामा. माझी आई त्यांच्याच गावची, त्यांना राखी बांधणारी, त्यामुळे मी तर त्यांची हक्काची भाची. वय सत्तरीला टेकलेलं, अंगावर मांस नावालाच, डोक्याला पांढरा दुपट्टा आणि उजवा गुडघा कायमचा ताठ. नवेगाव बांधच्या अलीकडे त्यांची थोडी धानाची शेती आहे. बोलणं असं, की परक्या माणसानं ऐकलं तर त्याला वाटावं, भांडण चाललंय. भांडण नसतं. ते फक्त ‘जेवली का’ असं विचारत असतात.

गुडघा गेला तो शंकरपटात. आमच्याकडे धान निघाला की गावोगाव बैलजोड्यांच्या शर्यती भरतात, त्याला शंकरपट म्हणतात आणि जोडी हाकणाऱ्याला धुरकरी. मामा पंचवीस वर्षं धुरकरी होते. एका पटात ते छकड्यावरून फेकले गेले आणि त्या दिवसापासून गुडघा वाकेना. हाकणं सुटलं, पण बैल पारखायची नजर सुटली नाही. बैल घ्यायचा असला की लोक त्यांना बाजारात घेऊन जायला लागले.

त्यांची पाहण्याची रीत वेगळी होती. विकणारा बैलाचं तोंड पुढे करायचा, शिंगं दाखवायचा, कपाळावरचा चांद दाखवायचा. मामा सरळ मागे जायचे. “तोंड तं मालक सजवते,” असं त्यांचं म्हणणं, “मांगून कोनी सजवत नाही.” मग बैल चालवून बघायचे, बसवून बघायचे, उठताना कोणता पाय आधी टाकतो ते बघायचे. पसंत पडला की त्याच्या पाठीवर तळहात सपकन मारायचे. ती थाप पडली की बोलणं संपलं. मग दुसरा कोणी त्या बैलाला हात लावत नसे आणि घेणारा पुन्हा विचार करत नसे.

बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, जीपगाड्या आल्या, तरी लोक मामांनाच नेत राहिले. आता यात गंमत अशी की मामांना गाडी चालवता येत नाही. क्लच आणि ब्रेक यांतला फरक त्यांना मी तीनदा समजावून सांगितलाय आणि तिन्ही वेळा त्यांनी ‘बरं’ म्हणून दुसरा विषय काढलाय. पण माणसाची लबाडी त्यांना वासावरून कळते. नागझिऱ्याच्या गेटवर पर्यटकांसाठी लावायची म्हणून आमच्याकडच्या दुलीचंदनं एक जुनी जीप पाहिली होती. विकणारा शपथेवर सांगत होता की गाडी रोज चालते. मामा ताठ गुडघा सावरत जमिनीवर आडवे झाले, गाडीखाली डोकावले आणि उठून म्हणाले, “रोज चालते तं कोंबडी अंडे कोठी घालते गा?” मागच्या चाकाआड कोंबडी खुडूक बसलेली होती. दुलीचंदनं ती जीप घेतली नाही. अशा गोष्टी गावात फिरतात आणि फिरताना वाढतात. दहा-पंधरा गावांत आता अशी स्थिती आहे की मामांची थाप पडल्याशिवाय घरात चाकाची वस्तू येत नाही.

माझ्या घरचीही तीच गत. मी सडक अर्जुनीला तहसील ऑफिससमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते. ओमेश, माझा नवरा, शेती आणि धानाचा व्यापार बघतो. गाडी हवी होती ती मला. माझ्या नावावर, आणि चालवणार मी. यावर आमच्या घरात एक उन्हाळा आणि एक पावसाळा चर्चा झाली. शेवटी माझ्या सासूबाई, सुशिलाबाई, म्हणाल्या, “केवलराम भाऊले घेऊन जाजो. त्याईनं थाप मारली तं घे. नाही मारली तं मंग गाडीचं नाव काढू नोको.” ओमेशनं मान डोलावली. दोघांनी मिळून मला अडकवलं होतं, पण निदान दार उघडं ठेवलं होतं.

आणि नेमकं त्याच सुमारास स्वप्निलचा फोन आला.

स्वप्निल हा मामांचा सख्खा भाचा. त्याची आई रुख्मा, मामांची धाकटी बहीण, तो नऊ वर्षांचा असताना गेली. बाप आधीच गेलेला. मामा-मामींना मूलबाळ नाही, पोरगा त्यांच्याच घरी वाढला. पदवी झाली, मग नागपूरला मोबाइलच्या दुकानात लागला, ते दुकान बंद पडलं. मग नागझिऱ्याजवळच्या एका रिसॉर्टवर राहिला, पण जंगल पावसाळ्यात बंद होतं आणि रिसॉर्टबरोबर पगारही बंद होतो. आता सव्वीस वर्षांचा होऊन तो गोंदियाच्या एका गाड्यांच्या शोरूमला लागला होता. सहा महिन्यांच्या बोलीवर. ते सहा महिने जानेवारीत संपत होते.

“बाई,” तो फोनवर म्हणाला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. “नवी फेसलिफ्ट येऊन राहिली. लाँचच्या दिवशी माह्याकडून सहा बुकिंगा झाल्या तं मॅनेजर मले पक्का करतो म्हन्ते. नाही झाल्या तं हिशोब. तू येशीन न?”

“मी येईन. पण मामांना घेऊन येईन. नाहीतर घरात घेणार नाहीत मला.”

तो म्हणाला, “मॅनेजरबी तेच म्हनून राहिला. त्याले कोनीतरी मामाबद्दल सांगतलं. म्हन्ते, गाडीवर हात ठेवून एक फोटो काढून द्या.”

गाडीचं आणि कंपनीचं नाव मी इथे सांगणार नाही, उगाच कोर्टाची नोटीस कोण घेईल. छोटी गाडी, आपल्याकडे रस्त्यावर दिसते तीच, पाच माणसांची. फेसलिफ्ट म्हणजे काय ते मी मामांना समजावलं. गाडी तीच, इंजिन तेच, तोंड नवं. मामा म्हणाले, “म्हंजे पोळ्याले शिंगं रंगवतो तसं.” मी म्हटलं, तसंच. फोटोचं सांगितल्यावर त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं की येईन, चहा पिईन, फोटोत उभा राहीन, पण पाहिल्याशिवाय हात ठेवणार नाही. “पोट्ट्याची गाडी हाये म्हनून गाडी बदलत नाही,” ते म्हणाले. मी स्वप्निलला तसं कळवलं. तो म्हणाला, मामांना मी ओळखतो.

लाँचच्या दिवशी सकाळी मामा पहिल्या बसनं सडक अर्जुनीला आले आणि आम्ही दोघं गोंदियाला निघालो. ओमेशला व्यापाराचं काम निघालं होतं. खरं म्हणजे ते त्यानं काढलं होतं. त्याला निर्णयाच्या जागी उभं राहायला आवडत नाही.

शोरूमसमोर मंडप टाकला होता. फुगे, लाल गालिचा, धूर सोडणारं यंत्र, आणि छाती हादरवणारं गाणं. माइकवर एक मुलगी हिंदीतून बोलत होती, मधून मधून इंग्रजीतून. गोंदिया शहरात मराठी बोललं तरी उत्तर हिंदीत येतं, त्याचं कोणी वाईट वाटून घेत नाही. स्वप्निलनं गावाकडच्या बऱ्याच लोकांना फोन केले होते. डव्वा गावचे उदाराम आले होते, दुलीचंद आला होता, सुलोचनाबाई मुलाला घेऊन आल्या होत्या. सगळ्यांच्या खिशात बुकिंगचे पैसे होते आणि सगळ्यांचं लक्ष गाडीपेक्षा मामांकडे जास्त होतं. मामा तिथे पोह्याची प्लेट घेऊन बसले होते आणि पोह्यांत मिरची कमी आहे म्हणून पोहेवाल्याला सुनावत होते.

मग गाडीवरचं चकाकतं कापड ओढलं. धूर झाला, टाळ्या झाल्या, सगळे मोबाइल वर आले.

समोरून गाडी देखणी होती, खोटं कशाला बोलू. आधीच्या मॉडेलचं तोंड बावळट होतं, याचं तरतरीत. दिव्यांच्या मधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या उजेडाची बारीक पट्टी. जाळी काळी, रुंद. मी आत बसले तर सीटवर लाल दोऱ्याची शिलाई, समोर माझ्या दुकानातल्या मॉनिटरएवढा स्क्रीन, आणि छताला खिडकी, जी बटण दाबलं की सरकते. दरवाजा लावला तर जड आवाज आला. ओमेश धान नेतो त्या जुन्या व्हॅनचा दरवाजा डब्याच्या झाकणासारखा वाजतो. स्टिअरिंग हातात बसलं. मी आरशात स्वतःकडे पाहिलं आणि मला लाज वाटेपर्यंत हसू आलं. ही गाडी मला हवीच होती. मी उतरून तिच्या तोंडापाशी उभं राहून स्वतःचे फोटो काढत बसले. त्यामुळे मागे काय झालं ते मला दिसलं नाही. ते पुढचं स्वप्निलनं नंतर सांगितलेलं.

मामा नेहमीप्रमाणे मागे गेले होते. स्वप्निल त्यांच्याबरोबर होता. मामांनी डिक्की उघडायला लावली. पहिली तक्रार, उंबरठा उंच केलाय, तांदळाचा कट्टा, म्हणजे पोतं, आत टाकताना कंबर जाईल. दुसरी गोष्ट, त्यांनी आतला गालिचा उचलला.

“पाचवं चाक कोठी हाये?”

स्वप्निलनं घसा साफ केला. “नव्या मॉडेलात स्टेपनी नाही देत, मामा. किट देते.” त्यानं एक छोटा पंप आणि चिकट औषधाची बाटली दाखवली. चाकात खिळा गेला तर ही बाटली ओतायची, हवा भरायची आणि दुकानापर्यंत जायचं.

“अन टायर फाटला तं?”

“तं कंपनीले फोन लावाचा. गाडी उचलाले येते.”

“मुरदोलीच्या जंगलात फोन लागते का तुया?”

स्वप्निलनं बाटली परत किटमध्ये ठेवली. गोरेगाव ते कोहमारा रस्त्यावर मुरदोलीचं जंगल लागतं. तिथे नेटवर्क जातं हे त्याला माहीत होतं, मामांना माहीत होतं, आणि जनावरं रस्ता ओलांडतात हेही दोघांना माहीत होतं.

“बाकी गाडी चांगली हाये, मामा,” तो म्हणाला. “बसून तं पाहा.”

मामा भाच्याचं मन राखायला मागच्या सीटवर बसले. सीट खाली होती. वरची खिडकी सरकवून दाखवली तेव्हा म्हणाले, बरसातीत गळेल. मग उतरायला निघाले. ताठ गुडघा आधी बाहेर काढावा लागतो आणि मग सगळं अंग वर ओढावं लागतं. स्वप्निलनं त्यांचा एक हात धरला. उठता उठता त्यांचा तोल गेला आणि दुसरा हात आधारासाठी गाडीच्या टपावर पडला. पडला म्हणजे चांगलाच पडला. धाडकन आवाज झाला.

तो आवाज मात्र मी ऐकला. सगळ्यांनीच ऐकला.

“मारली गा, मामानं थाप मारली!” उदाराम ओरडले.

पुढच्या पाच मिनिटांत जे झालं त्यात मीही होते, म्हणून हसायचा हक्क मला नाही. आम्ही सगळे टेबलाकडे पळालो. उदारामनी दुलीचंदला कोपरानं बाजूला केलं. सुलोचनाबाईंच्या मुलानं रंगही ठरवून टाकला. मी दोन खुर्च्यांच्या मधून घुसले आणि बॅगेतून आधार कार्ड काढलं. एकालाही असं वाटलं नाही की मामांना विचारावं. विचारायचं कशाला? थापेवर विचारणं म्हणजे मामांचा अपमान. मॅनेजरनं स्वप्निलला मिठी मारली आणि माइकवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “छह! पूरे छह! बेटा, तू तो आज पक्का हो गया!”

मामा गाडीपाशी उभे होते. त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मला वाटलं, ते आता काहीतरी फटकळ बोलतील, मॅनेजरला किंवा आम्हांला. त्यांनी तोंड मिटलं. मग लंगडत जाऊन कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. कोणीतरी हातात लाडू दिला, तो हातातच राहिला. मॅनेजर फोटोला बोलवायला गेला, त्याला त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मॅनेजर म्हणाला, “ठीक है अंकल जी, हाथ तो लग गया, वही बहुत है.”

मी फॉर्मसाठी माहिती सांगत होते. नाव, पत्ता, मोबाइल. समोर स्वप्निल बसला होता. तो लिहीत होता आणि दर दोन ओळींनी मान वर करून कोपऱ्यात बघत होता. मी म्हटलं, “लक्ष दे, माझ्या नावात चूक करशील.” त्यानं रंगाचा रकाना भरला. मग पुन्हा वर बघितलं. मामा जमिनीकडे बघत बसले होते. ज्या माणसानं पोहेवाल्यालासुद्धा सोडलं नव्हतं तो माणूस पाऊण तास एक शब्द न बोलता बसला होता.

स्वप्निलनं पेनाला टोपण लावलं.

“बाई, सही करू नोको. थांबजो जराशी.”

तो उठला आणि त्या मुलीच्या हातातून माइक घेतला. तिला वाटलं, आभाराचं भाषण असेल. शोरूममध्ये सहा महिने तो हिंदीच बोलला होता, ग्राहक गावचा असला तरी. आता तो घरी बोलतो तसं बोलला.

“डव्व्याचे उदाराम काका, दुलीचंदभाऊ, सुलोचनाबाई, सगळे आयका. मामानं थाप नाही मारली. त्याईचा गुडघा वाकत नाही, उतरताना टेका घेतला. मी हात धरला होतो, मले माहीत हाये. या गाडीत पाचवं चाक नाही. मामानं थे पाह्यलं न मले इचारलं. मी तुमाले सांगतलो नाही. आता सांगून राहिलो. ज्याले घ्याची त्यानं घ्या, पन मामाच्या नावानं नोको घेऊ.”

गाणं अजून वाजत होतं. कोणीतरी ते बंद केलं.

सगळ्यांत आधी आवाज चढला तो मामांचा. ते खुर्चीवरून उठले आणि लंगडत थेट स्वप्निलपर्यंत गेले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. छे. “तुले कोनं सांगतलं होतं बोलाले?” ते ओरडले. “मी बसलो होतो न चूप? माया तोंडाचं मी पाहून घेतलो असतो! सहा झाले होते न तुये? झाले होते न?” त्यांचा आवाज फाटला. लाडू कधी चुरला आणि गालिच्यावर पडला ते त्यांना कळलंही नाही. स्वप्निल त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा राहिला, लहानपणी मार खायला उभा राहायचा तसा. “झाले होते, मामा,” एवढंच म्हणाला.

मॅनेजरला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याच्याही डोक्यावर कोणीतरी बसलेलं असणार. त्यानं माइक परत मुलीच्या हातात दिला, गाणं सुरू करायला सांगितलं आणि स्वप्निलला हळूच म्हणाला, “महीने के आख़िर में हिसाब ले जाना.” सहापैकी चार जणांनी फॉर्म परत घेतले, त्यांत माझाही होता. दोन राहिले. सुलोचनाबाईंच्या मुलाला ती छताची खिडकी हवीच होती. दुसरे एक गोंदियाचेच व्यापारी होते, त्यांना जंगलाशी देणंघेणं नव्हतं. कंपनीचं काही चुकलं असंही नाही. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर पंक्चरवाला आहे, त्यांना पाचवं चाक हवंय कशाला. ते आम्हांला हवं.

परतीच्या बसमध्ये मी मामांच्या शेजारी बसले. मी चिडले होते. गाडी हातची गेली म्हणून चिडले होते, घरी आता काय सांगू म्हणून चिडले होते, आणि सगळ्यांत जास्त मामांवर चिडले होते. गोरेगाव मागे पडेपर्यंत मी कळ काढली. मग बोललेच.

“मामा, तुमाले चाक नाही हे माहीत होतं. मी सही करून राहिली होती. तुमी काऊन चूप बसले?”

ते खिडकीबाहेर बघत होते. मुरदोलीचं जंगल सुरू झालं होतं. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत.

“मॅनेजर म्हनला, पक्का झाला,” ते म्हणाले. “पोट्ट्याचं तोंड पायलो मी. रुख्मा गेली तवापासून त्याचं तसं तोंड मी पायलो नोहतो. मंग माया तोंडातून शब्दच नाही निंगला वो.”

माझा राग होता तिथेच होता, पण त्याला आता धरायला जागा राहिली नव्हती. थोड्या वेळानं तेच पुढे बोलले.

“नोकरी दुसरी भेटन त्याले. पन त्याले मी नऊ वर्साचा होता तवापासून एकच गोष्ट शिकवलो, का खोटं खपत असन तं चूप बसाचं नाही. अन आज त्यानं मले चूप बसताना पाह्यलं.”

कोहमारा आला. उतरताना मी त्यांना हात दिला, तो त्यांनी घेतला.

स्वप्निलचा महिनाअखेर हिशोब झाला. आता तो कोहमाऱ्याच्या एका गॅरेजमध्ये आहे, गाड्यांचं काम शिकतो. पगार शोरूमपेक्षा कमी आहे, हात काळे असतात, आणि खूश आहे असं मी म्हणणार नाही, कारण मी विचारलेलं नाही. मामा त्याच्यावर महिनाभर रागावलेले होते. बोलत होते, जेवायला बस म्हणत होते, पण नजर देत नव्हते. मामी मला फोन करून सांगायच्या, “दोघंबी एकमेकाले पाहून नाही राहिले, मीच मदात भिंत झाली.”

आणि मामांनी पारख सोडली. अगदी सोडली. डव्व्याचे उदाराम फेब्रुवारीत ट्रॅक्टर घ्यायला निघाले तेव्हा मामांना न्यायला गाडी घेऊन आले होते. मामा अंगणातून बाहेर आले नाहीत. आतूनच म्हणाले, “मी एकडाव चूप बसलो. चूप बसनाऱ्याले कायले नेता? पोट्ट्याले न्या.” उदाराम माझ्या दुकानात येऊन तासभर बसले. त्यांचं म्हणणं, मामा अजिबात चुकले नाहीत, चुकलो आपण, थाप न बघता पळालो. मलाही तसंच वाटतं. चाळीस वर्षांच्या खरेपणातून पाऊण तास वजा केला तर शिल्लक किती राहते, हे कोणाही शेंबड्या पोराला कळेल. मी हे मामांच्या तोंडावर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “तुले फॉर्म भरता येते, तू तेच कर.” एवढा राग मला कोणाचाच आला नव्हता, आणि एवढी मायाही.

उदाराम शेवटी स्वप्निलला घेऊन गेले. नाइलाजानं नेलं. स्वप्निलनं ट्रॅक्टर बघितला, दोन गोष्टी चांगल्या सांगितल्या, एक वाईट सांगितली आणि म्हणाला, वाईट चालत असेल तर घ्या. उदारामनी घेतला. मग दुलीचंद त्याला घेऊन गेला. मग आणखी कोणी.

मार्चमध्ये मीही गेले. सासूबाईंना मी स्पष्ट सांगितलं की मामा येत नाहीत, आता स्वप्निल येईल, आणि गाडी मी घेणार आहे. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं, पोट्ट्याले तं घेऊन जा.” मी त्याच गाडीचं आधीचं मॉडेल घेतलं, एका मास्तरांनी वापरलेलं, बावळट तोंडाचं. स्वप्निलनं ते दोन तास तपासलं. क्लच थोडा घासला आहे, वर्षभरात बदलावा लागेल, असं त्यानं मास्तरांच्या देखतच सांगितलं. मास्तरांचं तोंड उतरलं, पण त्यांनी मान्य केलं. डिक्कीत पाचवं चाक होतं.

गाडी घरी नेण्याआधी मी ती नवेगावला नेली. स्वतः चालवत. मामांच्या दारात उभी केली, हॉर्न वाजवला. मामी कुंकवाचं ताट घेऊन आल्या. त्यांच्या मागून मामा आले, दुपट्टा नीट करत. मी वाट बघत होते की ते मागे जातील, डिक्की उघडायला लावतील, निदान चाकांकडे बघतील. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

“पोट्टा काय म्हन्ते?”

“क्लच बदलावा लागन म्हन्ते, मामा. बाकी चांगली हाये म्हन्ते.”

“मंग चांगलीच असन,” मामा म्हणाले, आणि मागचा दरवाजा उघडून आत जाऊन बसले.